जड ते सगळ्यांचं, हलकं ते आपलं

सात दिवसांच्या प्रवासाला किती शर्ट लागतात?

हा प्रश्न मी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर टाकला. उत्तरं आली ती अशी: सात, आठ ("एक जास्तीचा असू दे"), पाच, आणि एक "बायको भरते, मला काय माहीत". आईला फोनवर विचारलं तर म्हणाली, "दहा तरी ने रे, तिकडे कुठे धूत बसणार?" माझ्या मते यातलं एकही उत्तर बरोबर नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे. शर्ट किती लागतात हे दिवसांवर ठरत नाही. शर्ट वाळायला किती वेळ लागतो यावर ठरतं.

गणित अगदी सोपं आहे. रात्री धुतलेला शर्ट सकाळपर्यंत वाळत असेल तर दोन पुरतात, एक अंगात आणि एक दोरीवर. मग प्रवास सात दिवसांचा असो की सत्तर. वाळायला दीड दिवस लागत असेल तर तीन. दिवसांची संख्या समीकरणात येतच नाही. स्वस्तातल्या हॉस्टेलांतून महिनोन्‌महिने फिरणाऱ्या लोकांच्या सॅका इतक्या छोट्या कशा, याचं उत्तर एवढंच आहे.

एवढंच असतं तर लेख इथेच संपला असता. पण जरा खोलात गेलं की लक्षात येतं, रात्री शर्ट वाळायचा तर दोरी लागते, दोरीवर छप्पर लागतं, आणि तोवर अंगावर घ्यायला पांघरूण लागतं. म्हणजे बॅग हलकी करायची तर बऱ्याच गोष्टी बॅगेच्या बाहेर, कुणीतरी आधीच आणून ठेवलेल्या असाव्या लागतात. त्या कोणी आणून ठेवल्या, याचा शोध घेण्यात माझे मागचे काही वीकएंड गेले. आज तेच सांगतो.

सुरुवात घरापासूनच करू. जुन्या मराठी घरात माळ्यावर अजूनही एखादी लोखंडी ट्रंक आणि होल्डॉल सापडतो. आजोबांच्या पिढीतला माणूस चार दिवसांसाठी काशीला निघाला तरी बरोबर वळकटी, सतरंजी, फिरकीचा तांब्या, स्टोव्ह आणि दोन-चार भांडी असायची. आपण हसतो. पण ही माणसं काही हौसेने ओझी वाहत नव्हती. धर्मशाळेत मिळायचं काय? छप्पर, फरशी आणि विहिरीचं पाणी. बाकी ज्याचं त्याने बघायचं. शिवाय दुसऱ्याच्या अंथरुणावर निजायचं नाही, दुसऱ्याच्या भांड्यात शिजवायचं नाही, हा सोवळ्या-ओवळ्याचा आणि जातीचा हिशोबही त्यात होताच. जिथे वाटून घ्यायचंच नाही तिथे प्रत्येकाला आपलं अख्खं घर पाठीवर घेऊन निघावं लागतं. होल्डॉल हा त्याचाच पुरावा.

उलटं उदाहरण वारीचं. आळंदी ते पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल, पण वारकऱ्याच्या खांद्याला बहुतेक वेळा एक पिशवी, बास. कारण दिंडीचा ट्रक वळकट्या आणि राहुट्या वाहतो आणि वाटेवरची गावं जेवायला घालतात. वारकऱ्याच्या गरजा नाहीशा झालेल्या नसतात. त्याचं उरलेलं ओझं दिंडीने आणि गावांनी उचललेलं असतं.

तर मला हा एक नियमच सापडला. हलकी पिशवी दिसली की विचारायचं, उरलेलं ओझं कोणी उचललंय?

हाच प्रश्न घेऊन आता जर्मनीला जाऊ, कारण हॉस्टेलचा जन्म तिथला. जर्मनीत सुतार, गवंडी वगैरे कारागिरांमध्ये एक जुनी चाल आहे. उमेदवारी संपली की तरुण कारागिराने घराबाहेर पडायचं आणि तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव काम करत फिरायचं. घराच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. अंगावर काळ्या कॉर्डरॉयचा ठरलेला वेष, डोक्यावर रुंद काठाची टोपी. आणि सामान? साधारण ८० सेंटिमीटर लांबी-रुंदीचं एक कापड, त्यात हत्यारं आणि बदलायचे मोजके कपडे, वर गाठ. आपल्या भाषेत गाठोडं. आजही काही शेकडो तरुण-तरुणी अशा फिरतात. एवढ्याशा गाठोड्यावर तीन वर्षं कशी निघतात? कारण कारागिरांच्या संघटनांनी गावोगाव त्यांच्यासाठी उतरायच्या जागा ठेवल्या होत्या. अशा जागेला जर्मनमध्ये 'हेरबेर्गे' म्हणतात. शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हलकी पिशवी मिळवायचा दुसराही एक मार्ग असतो, तो म्हणजे पैसा. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने नेली ब्लाय या पत्रकार मुलीला ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या कादंबरीशी शर्यत लावायला जगप्रदक्षिणेला पाठवलं. १४ नोव्हेंबरला ती निघाली तेव्हा तिच्या हातात फक्त एक हँडबॅग होती, १६ इंच रुंद आणि ७ इंच उंच. बायका पाच-सहा पेट्या घेतल्याशिवाय प्रवास करू शकत नाहीत असं पुरुष ठामपणे सांगायचे, त्या काळात! अंगावर एकच जाड निळा ड्रेस आणि वर चौकड्यांचा लांब कोट. दुसरा ड्रेस बॅगेत मावेना, तर तिने तो सरळ घरीच ठेवला. ७२ दिवसांत ती परत आली. वाटेत तिला सगळ्यात जास्त छळलं ते कोल्ड क्रीमच्या बरणीने, कारण ती बरणी बॅगेत काही केल्या नीट बसत नसे. (आणि सिंगापूरला बाईंनी एक माकड विकत घेतलं. हलक्या बॅगेची पुण्याई अशी एका झटक्यात संपवली :-))

पण नेलीकडे २०० पौंड होते, सोन्याच्या नाण्यांत आणि नोटांत. बोटीवर केबिन होती, बंदरात हॉटेल होतं, धुणं घेणारी माणसं होती. तिचं उरलेलं ओझं पैशाने उचललं. ज्याच्याकडे ना संघटना ना पैसा, त्याचं काय? गिरणीत किंवा खाणीत काम करणाऱ्याच्या पोराने गाव सोडून चार दिवस डोंगरात जायचं म्हटलं तर त्याची पिशवी कोणी हलकी करायची?

याचं उत्तर एका शाळामास्तराने दिलं. रिचर्ड शिरमान हे त्याचं नाव. तो १९०३ पासून आल्टेना नावाच्या गावात शिकवत होता. लेन्ने नदीच्या अरुंद खोऱ्यातलं हे गाव, तारा ओढायच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. मुलं कारखान्यांच्या धुरात वाढत होती. शिरमान त्यांना घेऊन पायी लांबलांब सहली काढायचा, वर्गाबाहेर शिकवायचा. अडचण एकच, रात्री राहायचं कुठे? खानावळ परवडणारी नाही आणि वळकट्या लहान मुलांच्या पाठीवर देता येत नाहीत.

२६ ऑगस्ट १९०९ रोजी, आठ दिवसांच्या अशाच एका सहलीत, ब्र्योल नदीच्या खोऱ्यात त्यांना जोरदार वादळाने गाठलं. एका गावातल्या शाळेत आसरा मिळाला. सुट्टी असल्यामुळे वर्ग रिकामा होता. बाकं बाजूला सरकवली, गवत पसरलं आणि पोरं झोपली. मास्तर जागाच राहिला. बाहेर विजा कडाडत होत्या आणि याच्या डोक्यात हिशोब चालू होता. सुट्टीत देशातल्या सगळ्या शाळा रिकाम्या असतात. प्रत्येक चालत्या दिवसाच्या अंतरावर एका शाळेचे एक-दोन वर्ग असे उघडले तर?

यात नवीन काय होतं? इमारत होतीच, गवत होतंच. नवीन होतं ते जाळं. एका ठिकाणी सोय असून चालणाऱ्याचं ओझं कमी होत नाही. उद्याच्या मुक्कामाला पांघरूण मिळेल याची खात्री नसेल तर तो ते पाठीवर नेणारच. ज्या दिवशी मार्गावरच्या प्रत्येक मुक्कामाची खात्री होते, त्या दिवशी पांघरूण पिशवीतून बाहेर पडतं. नेटवर्कमध्ये काम करणाऱ्यांना हे पटकन कळेल. एक नोड असून उपयोग नसतो.

पुढच्या वर्षी त्याने वर्तमानपत्रात लेख लिहून ही कल्पना मांडली. सुरुवात आपल्याच शाळेपासून केली, बाकं रचून ठेवायची आणि पेंढा भरलेल्या गाद्या टाकायच्या. १९१२ मध्ये आल्टेनाच्या डोंगरावरच्या, नव्याने डागडुजी झालेल्या किल्ल्यात कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं. जगातलं पहिलं म्हणतात ते हेच. त्या वेळच्या झोपायच्या खोल्या तिथे अजून जपून ठेवल्या आहेत, जाड लाकडाचे तीन मजली बंक असलेल्या. आपल्या रेल्वेचा थ्री टियर डबा डोळ्यापुढे आणा. आणि या जागेला नाव काय दिलं? 'युगेंडहेरबेर्गे'. कारागिरांची ती हेरबेर्गे, आता तरुणांची.

तेव्हाच्या पायी फिरणाऱ्या पोरांच्या अंगावर काय असायचं? त्या आधी, १८९६ च्या सुमारास बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्समध्ये शाळकरी मुलांच्या भटक्या टोळ्या निघायला लागल्या होत्या. १९०१ मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली, 'वांडरफोगेल', म्हणजे भटके पक्षी. शहरी बापांच्या ताठ कॉलर आणि घट्ट कोट टाकून ही पोरं अर्धी चड्डी, उघड्या गळ्याचा सदरा आणि लोकरीचं जाकीट घालून फिरायची. जाकीट बहुधा लोडनचं. लोडन म्हणजे लोकर विणून मग पाण्यात कुटून आटवलेलं आल्प्समधलं जाड कापड, घोंगडीचा सुधारलेला चुलतभाऊ म्हणा. पाठीवर रकसॅक. योगायोग बघा, नॉर्वेच्या ओले बर्गनने पाठीच्या आकाराला बसणाऱ्या फ्रेमच्या सॅकचं पेटंट घेतलं तेही १९०९ मध्येच.

लोकरीचा एक मोठा गुण म्हणजे ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. शिवाय घामाचा वास लवकर धरत नाही. म्हणजे रोज धुवायची गरजच नाही. आपल्या समीकरणात 'धुणं' हा आकडाच लहान झाला. तोटा असा की मुसळधार पावसात एकदा का ती पूर्ण भिजली की दगडासारखी जड होते आणि वाळता वाळत नाही. म्हणून हॉस्टेलात शेकोटी किंवा शेगडीची उबदार खोली हवी.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, चादरीची पिशवी. हॉस्टेलमध्ये लोकरीची ब्लँकेटं असायची, पण रोज नवा माणूस येणार आणि ब्लँकेट काही रोज धुता येत नाही. तोडगा निघाला तो असा. प्रत्येकाने सुती चादरीची शिवलेली पिशवी स्वतःची आणायची, तिच्यात शिरायचं आणि वरून हॉस्टेलचं ब्लँकेट घ्यायचं. अंगाला लागतं ते आपलं, ऊब देतं ते सगळ्यांचं. जाड ब्लँकेट दीड-दोन किलो, चादरीची पिशवी अर्ध्या किलोच्या आत. सोवळ्याने जो प्रश्न होल्डॉल देऊन सोडवला, तोच प्रश्न इथे दोन मीटर कापडाने सुटला. याच्याइतकं सुबक डिझाइन मी सॉफ्टवेअरमध्येही फार पाहिलेलं नाही. जड ते सगळ्यांचं, हलकं ते आपलं.

पहिल्या महायुद्धात शिरमान फ्रान्सच्या सीमेवर व्होज पर्वतात लढायला होता. १९१५ च्या नाताळात तिथे काही ठिकाणी जर्मन आणि फ्रेंच सैनिकांनी आपणहून गोळीबार थांबवला, एकमेकांशी खाण्याच्या वस्तूंची देवाणघेवाण केली. हे त्याने पाहिलं आणि लिहून ठेवलं. सगळ्या देशांच्या तरुणांना एकमेकांना भेटायला जागा का असू नये, हा विचार तिथला. १९१९ मध्ये विल्हेल्म म्युन्कर या संघटक सहकाऱ्याबरोबर त्याने देशभराची संघटना उभी केली, १९२२ मध्ये नोकरी सोडली. १९३२ पर्यंत जर्मनीत दोन हजारांहून जास्त हॉस्टेलं झाली. त्याच वर्षी अॅमस्टरडॅमला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला.

तोपर्यंत हे लोण इंग्लंडातही पोचलं होतं. १९३० मध्ये तिथली यूथ हॉस्टेल असोसिएशन सुरू झाली. पहिले अध्यक्ष इतिहासकार जी. एम. ट्रेव्हेलियन, सचिव जॅक कॅचपूल. रात्रीचं भाडं एक शिलिंग. मँचेस्टर, शेफील्डच्या गिरण्यांत आठवडाभर राबणारी मुलं-मुली शनिवारी दुपारी सुटली की सायकलवर किंवा पायी डोंगराकडे निघायची. मुलींसाठी वेगळी झोपायची खोली होती, वॉर्डन होता, त्यामुळे 'रात्री कुठे राहणार?' या आईबापांच्या प्रश्नाला उत्तर होतं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या सुमारास तिथे तीनशेच्या आसपास हॉस्टेलं होती.

तिथले नियम वाचण्यासारखे आहेत. स्वतःच्या पायांनी किंवा सायकलने आलेल्यालाच जागा. मोटारीने येणाऱ्याला कित्येक दशकं प्रवेश नव्हता. चादरीची पिशवी आणा किंवा भाड्याने घ्या. ओले कपडे आणि बूट वाळवायला वेगळी खोली. आणि सकाळी निघण्याआधी प्रत्येकाने वॉर्डन सांगेल ते एक काम करायचं: झाडू मारा, भांडी घासा, कोळसा आणा, ब्लँकेटाच्या घड्या घाला. हे काम म्हणजे शिक्षा नव्हे. हलक्या पिशवीचं ते खरं भाडं होतं. एका शिलिंगात ब्लँकेट, छप्पर आणि शेगडी मिळत नाही. उरलेली किंमत सगळ्यांनी मिळून हातांनी भरायची.

इथवरचा इतिहास छान, गोड आहे. पण १९३३ आलं. नाझी सत्तेवर आले आणि हिटलर यूथने जर्मनीतली सगळी हॉस्टेलं ताब्यात घेतली. वांडरफोगेलसारख्या स्वतंत्र संघटना मोडीत निघाल्या. ज्यू मुलांना हॉस्टेलांची दारं बंद झाली. १९३६ मध्ये सरकारी दबावाखाली शिरमानला आंतरराष्ट्रीय महासंघाचं अध्यक्षपदही सोडावं लागलं. तीच अर्धी चड्डी, तीच रकसॅक, तेच डोंगर. पण आता गणवेष झाला आणि भटकंतीची कवायत झाली.

मला हे सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. जी गोष्ट सगळ्यांची असते ती कुणीतरी एकदम काबीजही करू शकतो. दोन हजार हॉस्टेलं, लाखो ब्लँकेटं, सगळं तयार होतं आणि एका आदेशात त्याचा मालक बदलला. ज्याचं ओझं स्वतःच्या पाठीवर असतं त्याला असं कुणी दाराबाहेर काढू शकत नाही. ज्याचं ओझं दुसऱ्याने उचललंय त्याला काढू शकतं. हलक्या पिशवीत हा धोका असतोच, आणि त्यावर उपाय परत होल्डॉल बांधणं हा नाही. ब्लँकेट कोणाच्या ताब्यात आहे यावर नजर ठेवणं हा आहे. युद्धानंतर म्हाताऱ्या शिरमानने हॉस्टेलं परत उभी करायला मदत केली. १९६१ मध्ये तो गेला.

दरम्यान समीकरणाची दुसरी बाजू बदलत होती, कापडाची. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं. १९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिस्टरचा धागा काढला, तोच टेरिलीन. (गिरणी कामगारांची पोरं ज्या गावातून सायकली काढून डोंगरात जायची तेच हे गाव.) आपल्या वडिलांच्या पिढीतला टेरिलीनचा शर्ट आणि टेरिकॉटची पँट आठवते? धुवा, झटका, टांगा, सकाळी घाला, इस्त्री नको. साठ-सत्तरच्या दशकात हा रुबाब होता.

यामागचं कारण आकड्यांत सांगतो. साध्या हवेत कापसाचा तंतू वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टरचा फक्त ०.४ टक्के. म्हणजे पॉलिस्टरच्या तंतूत पाणी शिरतच नाही. ते फक्त धाग्यांच्या मधे अडकतं, पिळलं की बरंचसं निघून जातं. कापसाचं पाणी तंतूच्या आत असतं, ते पिळून निघत नाही, वाऱ्याचीच वाट बघावी लागते. सह्याद्रीत जुलैमध्ये जीन्स घालून गेलेल्या कुणालाही विचारा, तो हे जास्त रंगवून सांगेल.

म्हणजे शेगडीच्या खोलीचं काम आता कापडच करायला लागलं. १९५७ मध्ये आर्थर फ्रॉमरचं पाच डॉलरात युरोप फिरायचं पुस्तक आलं, त्यातही हलक्या बॅगेचा आग्रह आहे. १९७२ मध्ये तरुणांसाठी इंटररेलचा पास आला. १९७९ च्या सुमारास अमेरिकेतल्या माल्डन मिल्सने पॉलिस्टरचं फ्लीस काढलं, लोकरीसारखं उबदार पण वजनाला हलकं आणि झटकन वाळणारं. एका स्वेटरच्या जागेत आता सगळी थंडी मावायला लागली.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. पॉलिस्टरला वास येतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायाम केलेल्या लोकांचे टीशर्ट तपासले, तेव्हा सुती टीशर्टपेक्षा पॉलिस्टरचे जास्त घाण वास मारत होते, कारण वास निर्माण करणारे काही जिवाणू पॉलिस्टरवर जास्त जोमाने वाढतात. आठ बंकांच्या डॉर्ममध्ये हा काही खाजगी प्रश्न राहत नाही. म्हणून मग गाडी फिरून परत लोकरीवर आली. मेरिनो मेंढीची लोकर इतकी बारीक की टोचत नाही आणि तिचा टीशर्ट तीन-चार दिवस खुशाल घालता येतो. वांडरफोगेलची पोरं शंभर वर्षांपूर्वी लोकरच घालत होती, आपण तीच चौपट किमतीत विकत घेतो. असो.

आपल्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४९ मध्ये सुरू झाली. पुण्या-मुंबईच्या कित्येक पोरांनी पहिलं हिमालय दर्शन तिच्याच ट्रेकवर घेतलंय. तिथे शिरमानचं तत्त्व अजून शाबूत दिसतं. कसोलच्या बेस कॅम्पला पोचलात की सॅक मिळते, जास्तीचं सामान तिथेच जमा करायचं, वरच्या प्रत्येक कॅम्पवर झोपायची व्यवस्था तयार असते. जेवणाचा डबा आणि मग मात्र आपला आपण आणायचा, आणि घासायचाही आपणच.

आता माझी यादी, नाहीतर तुम्ही म्हणाल इतका वेळ घेतला आणि सांगितलं काहीच नाही. अंगातले धरून: दोन टीशर्ट, एक पूर्ण बाह्यांचा शर्ट, दोन पातळ पँटी (जीन्स नाही), तीन जोड आतले कपडे, तीन जोड मोजे, एक फ्लीस, एक पातळ रेनकोट. आणि एक पंचा. टर्किश टॉवेलच्या पाव वजनाचा, तासाभरात वाळणारा, उन्हात डोक्याला बांधता येणारा पंचा आपल्या आजोबांनी शोधून ठेवलाय आणि आपण दुकानात मायक्रोफायबर शोधत बसतो! धुतलेला टीशर्ट आधी पिळा, मग कोरड्या पंचात गुंडाळी करून परत पिळा आणि मग टांगा, सकाळी नक्की वाळतो. चादरीची पिशवी आता बहुतेक ठिकाणी लागत नाही. उलट ढेकणांच्या भीतीने कित्येक हॉस्टेलं स्वतःची स्लीपिंग बॅग आतच आणू देत नाहीत, धुतलेल्या चादरी तीच देतात.

आज हलक्या बॅगेचं खूळ परत आलंय, पण कारण वेगळं आहे. २००६ च्या सुमारास युरोपातल्या स्वस्त विमान कंपन्यांनी चेक-इन बॅगेचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली आणि सगळे केबिन बॅगवर आले. मग स्वस्तातला टीशर्ट घ्या, दोनदा घाला आणि डॉर्मच्या कचऱ्याच्या डब्यात टाका, असाही एक 'हलका' प्रवास निघाला. माझा तोच प्रश्न, उरलेलं ओझं कोणी उचललंय? इथे ते कुठल्यातरी शिलाई कारखान्यातल्या बाईने आणि कुठल्यातरी कचरा डेपोजवळच्या वस्तीने उचललेलं असतं.

आणि दुसरीकडे जड गोष्टी सांभाळणाऱ्या जागा कमी होतायत. करोनात प्रवास थांबला, हॉस्टेलं महिनोन्‌महिने बंद राहिली. इंग्लंड-वेल्सच्या त्या संस्थेने २०२३ मध्ये आपली वीस हॉस्टेलं विकायला काढली. एकेक नोड असा गळत गेला की काय होईल, हे वर लिहिलंच आहे. पांघरूण परत पिशवीत येईल. ज्याला हॉटेल परवडतं त्याला काही फरक पडणार नाही. पहिल्यांदाच घराबाहेर पडू बघणाऱ्या एखाद्या पोराला किंवा पोरीला पडेल.

तेव्हा पुढच्या वेळी बॅग भरताना 'काय काय लागेल?' याच्या जोडीला 'हे तिथे कोणाकडे असेल?' हेही विचारून बघा. निम्मे कपडे आपोआप कपाटात परत जातील. आणि सकाळी हॉस्टेल सोडताना, कोणी सांगितलेलं नसलं तरी, ब्लँकेटाची घडी घालून जा. रात्री त्यावर दुसरा कोणीतरी येणार आहे, आणि त्याच्याही पाठीवर आपल्याइतकीच छोटी सॅक असणार आहे.